राखणदाराची जागा

कृष्णनाथ आमच्या वाडीचा. अर्धं आयुष्य त्याने सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक हाकला, छाती लाल धुळीने भरून घेतली आणि म्हातारपणी जीव लावला तो डोंगरावरच्या राखणदाराला. राखणदार म्हणजे वाडी राखणारा देव; पुरुषभर उंचीचा उभा दगड. त्याला दर रविवारी तेल आणि वर्षातून एकदा तांदळाचा रोट. त्या डोंगराच्या झरीवर कृष्णनाथच्या पोफळी जगायच्या, म्हणून रोटाचा मान त्याच्या घराकडे.

पुरातत्त्वखात्यातली सुविधा नावाची मुलगी दगड मोजून गेली. म्हणाली, "आजोबा, हा हजारो वर्षांपूर्वी माणसांनी उभा केलाय. संरक्षित ठरला की या डोंगराला कुणी यंत्र लावू शकणार नाही. तोवर लक्ष ठेवा."

पण तेवढ्यात पलीकडच्या उतारावर खाणीचं यंत्र लागलं. कुणी दगड फोडला तर? कृष्णनाथने देवळात कौल लावला, राखणदाराला खाली आणू का? देवाच्या अंगावर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली.

"सुविधाबाईला तरी विचार," मी म्हणालो.

"देवान होय म्हटल्यार सरकाराक कोण इचारता?"

गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला, क्रेन लावली आणि दगड वाजतगाजत देवळाच्या आवारात आणून उभा केला.

सुविधा पाहणीची माणसं घेऊन आली तेव्हा डोंगरावर नुसता खड्डा. "आजोबा, दगड जागेवर होता म्हणून डोंगर वाचणार होता," एवढंच ती म्हणाली. पुढे खात्याचं उत्तर आलं की डोंगरावर आता संरक्षण देण्यासारखं काही नाही. खाणवाल्यांचं आयतंच फावलं. मला त्या उजव्या पाकळीचा अजून राग येतो, आणि राग कुणावर काढायचा तेही कळत नाही.

आता डोंगर अर्धाच उरलाय. झरी आटली, पोफळी उभ्या वाळल्या. तुम्ही राखणदार वाचवलात, असं लोक कृष्णनाथला अजूनही म्हणतात.

यंदा रोटाच्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर होतो. उन्हं चढली तरी त्याच्या बायकोने, शेवंतीवहिनीने, चूल पेटवली नव्हती. पीठ तसंच पडलेलं.

"रोट?" त्याने विचारलं.

"राखणदाराक तुमी राखलास," ती म्हणाली. "आता आमका कोण राखतलो?"