पोंगे सोलणाऱ्या मॅडम

खोली बघायला आलेली माणसं आधी संडास-बाथरूम बघतात. मॅडमनी आमचं मागचं खाचर बघितलं. चपला बांधावर काढून त्या सरळ चिखलात उतरल्या, पांढरा पडलेला भाताचा एक पोंगा उपटला, नखाने उभा चिरला आणि मला म्हणाल्या, "थांब हं, आत कोण राहतंय ते बघू." कोळवणला आमच्या माडीवर शहरातले बरेच भाडेकरू राहून गेले, पण असा नमुना पहिलाच.

मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. गादमाशीची अळी भाताच्या कोंबात शिरली की त्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी होते, तोच पोंगा, आणि त्याला लोंबी धरत नाही, एवढं आम्हालाही ठाऊक होतं. मॅडमचा जीव मात्र त्या अळीच्या पोटात राहणाऱ्यांवर. कणाएवढी एक काळी माशी तिच्यात अंडं घालते, एका अंड्याची पुष्कळ पिल्लं होतात. पाय नाहीत, डोळे नाहीत, नुसत्या पांढऱ्या कण्या. "भाडेकरू बघ कसे शहाणे," मॅडम सांगायच्या, "मालकाला जिवंत ठेवून आतून खातात. नाजूक भाग सगळ्यात शेवटी." मग आपणही भाडेकरूच आहोत हे आठवून खो खो हसायच्या.

आमच्या सासूबाई पोंगे उपटून चुलीत घालायच्या. मॅडम कळवळल्या. "आक्का, चोराबरोबर पोलीसही जाळताय!" त्यांनी आम्हाला पोंगे मडक्यात भरून तोंडाला बारीक जाळी बांधायला शिकवलं. काळ्या माश्या जाळीतून निसटून शेतात जातात, थोराड गादमाशी आतच अडकून मरते. "ह्या बाईला भातापरीस किड्याचीच लई माया," सासूबाई कुरकुरायच्या, पण दर पावसाळ्यात मडकी बांधावर मांडायच्या त्याच.

गेल्या भादव्यात सासूबाईंनी मला हाक मारून मडकी दाखवली. जाळीच्या जागी प्लॅस्टिक घट्ट बांधलेलं. आत वाफ धरलेली आणि तळाशी काळा थर, सगळ्या माश्या मेलेल्या. मडकी आदल्या आठवड्यात मॅडमनीच बांधली होती; बांधावर बसून बांधताना आम्ही त्यांना लांबून बघितलं होतं. त्या मागून आल्या आणि म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

सासूबाई उभ्या जन्मात कुणापुढे नमल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "म्याच बांधलं, बाई. चुकी झाली." मॅडम त्यांना वाट्टेल तसं बोलल्या. सासूबाईंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. माडीवर जाताना मॅडमना जिना सापडेना, तेव्हा हात धरून नेलंही त्यांनीच.

पुढे मॅडमच्या पुतण्याने त्यांना पुण्याला डॉक्टरांना दाखवलं. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, औषधाने फार तर वेग कमी होईल, असं त्याने फोनवर सांगितलं. मी काढे केले, दारांवर नावं चिकटवली, सासूबाईंनी नवस बोलले. कशाचा म्हणून उपयोग झाला नाही. एका बऱ्या दिवशी मॅडम ओट्यावर बसून शांतपणे म्हणाल्या, "अळीला शेवटपर्यंत काही कळत नाही गं. ती आपली खात राहते. मला कळतंय, तेवढाच घोटाळा." मला रडू आवरलं नाही, आणि त्याच माझी पाठ थोपटत बसल्या.

यंदा पुतण्या त्यांना कायमचं न्यायला आला. सामान गाडीत चढत होतं. मी खाचरातून एक पोंगा आणला, नखाने चिरला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, उलटापालटा केला.

"आत कोण राहतंय?" त्यांनी मला विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मी पहिल्यापासून सांगितलं. गादमाशी, तिची अळी, अळीच्या पोटातली ती बिनडोळ्यांची पिल्लं. त्या वर्गातल्या मुलीसारख्या कान देऊन ऐकत होत्या.

"अगंबाई," त्या हळहळल्या, "मग ती अळी काय करते बिचारी?"

"काही नाही करत, मॅडम," मी म्हणाले. पुतण्याने गाडी सुरू केली.