आईच्या मूत्राशयासाठी काढलेलं पत्रक

आमच्या संघटनेत पत्रक लिहायला असं शिकवतात: एका पानात एकच मागणी, आणि शंका येईल असं एकही वाक्य ठेवायचं नाही. वाचणाऱ्यानं तिथल्या तिथे सही करायला हवी. मला हे जमायचं. नवघरच्या पाण्यासाठी, बाजारातल्या बायकांच्या शौचालयासाठी मीच लिहिलं. आणि आईच्या किडन्या घालवल्या, त्याही असंच लिहून.

आईला मूत्राशयाचा टीबी झाला होता. औषधांनी टीबी गेला, पण लघवीची पिशवी आकसून लिंबाएवढी राहिली. दर वीस मिनिटांनी लघवी. केबिन रोडवरच्या साड्यांच्या दुकानात ती फॉल-पिको करायची. शेठ म्हणाला, "मौसी, बैठने का पगार देता हूँ, उठने का नहीं." काम सुटलं.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. तिच्याच आतड्याचा तुकडा घेऊन पिशवीला ठिगळासारखा जोडायचा, म्हणजे पिशवी मोठी होईल. जुनी, नेहमीची शस्त्रक्रिया. किडन्यांवर दाब येतोय, फार थांबू नका, असंही म्हणाले. आई घाबरली. "आतडं कापल्यावर मी खाऊ काय?"

मी मोबाइलवर शोधत बसले. एक लेख सापडला. शरीर सहज स्वीकारेल अशा पदार्थाची जाळी करतात, ती खराब मूत्राशयावर शिवतात, तिच्यावर माणसाच्याच पेशी वाढतात आणि जाळी हळूहळू विरून जाते. आतड्याला हातही लावायचा नाही. माझं डोकंच फिरलं. हे जगात असताना माझ्या आईला आतडं कापून घ्यायला सांगतात. गरिबाला जुनं आणि पैसेवाल्याला नवं, हे किती दिवस चालायचं? असं थेट लिहिलं मी पत्रकात.

त्याच लेखात खाली होतं की प्राण्यांवर जमलं, माणसांत मात्र जाळी आकसली, हवा तसा उपयोग झाला नाही, प्रयोग चालू आहेत. ते मी वाचलं होतं. शंका येणारं होतं, म्हणून घातलं नाही.

पत्रक घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "हा नेहमीचा उपचार नाही अजून. पैसेवाल्यांनाही नाही. आईला वेळ नाहीये, तिला तारखेला घेऊन ये."

"सर, तुम्ही व्यवस्थेची भाषा बोलताय."

"मी लघवीची भाषा बोलतोय, बाई."

मला ते उर्मट वाटले. शस्त्रक्रियेच्या तारखेला आई गेलीच नाही. शेजारणीला सांगत होती, "माझी पोरगी नवं आणतीय. मी कशाला फाडून घिऊ?" मी ऐकलं आणि टेबल-खुर्ची घेऊन सह्या गोळा करायला गेले. त्या दिवशी सह्या भरपूर झाल्या.

काही महिन्यांनी तिचे पाय सुजले, उलट्या सुरू झाल्या. पुन्हा तेच डॉक्टर. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, किडन्या फार खराब झाल्यात. आता आतडं जोडलं तर लघवीतलं नको ते परत रक्तात शोषलं जाईल, या किडन्यांना ते झेपणार नाही. पाठीतून किडन्यांत दोन नळ्या घातल्या, त्यांना लघवी साठायला बाहेर दोन पिशव्या. बहुतेक कायमच्या.

घरी आल्यावर आई म्हणाली, "आता ते जाळीचं तरी लवकर बघ."

मी सांगितलं. जाळीचं माणसांत जमलेलं नाही, ते तिथेच लिहिलेलं होतं आणि मी गाळलं.

"कवापासून म्हाईत हुतं?"

"पहिल्यापासून."

ती बराच वेळ पिशवीची नळी सरळ करत राहिली. मला वाटलं, शिवी देईल. द्यायला हवी होती.

"मला वाचाया येत न्हाई," ती म्हणाली. "तुला शिकवलं ते म्या त्याच्यासाठीच. डॉक्टर बी शिकल्याला, तू बी शिकलेली. म्या तुझं ऐकलं."

 डाव्या बाजूची पिशवी भरली होती. मी ती मोरीत रिकामी केली, हात धुतले आणि परत आले. तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं.