खंडेनवमीला काढलेलं गार्ड

माझ्या धाकट्या भावाच्या निष्काळजीपणानं माझ्या बायकोचा डावा डोळा गेला, असं आमचे सगळे सोयरे सात वर्षं धरून चालले आहेत. ते खोटं आहे. ते मी बोललो, पूर्ण शुद्धीत बोललो. वाचून कुणी माझी कीव करू नये.

निवृत्तीनंतर मुरुम गावातल्या घरापुढं मी लॉन लावलं. मुलाच्या पुण्यातल्या सोसायटीत पाहिलं होतं, म्हणून. भाऊ शेती करणारा. तो हसला, "अण्णा, दावणीला जनावर न्हाय, मग गवत कुणासाठी?" मला ते झोंबलं. बस डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होतो मी. यानं मला शिकवावं?

गवत कापायला खांद्याला अडकवायचं पेट्रोलचं मशीन आणलं. खाली फिरणारं पातं आणि उडालेला खडा अडवायला त्याच्यामागं काळं, जाड गार्ड. दुकानदारानं बजावलं होतं, गार्ड काढू नका, चष्मा आणि बूट घाला, आधी खडे वेचा, जवळ कुणाला उभं राहू देऊ नका. मी म्हणालो, "मेकॅनिकला सांगता का?"

खंडेनवमीला विळा-कुऱ्हाडीबरोबर हे मशीनही पूजेला ठेवलं. पात्याला हळदकुंकू नीट लावता यावं म्हणून गार्ड काढलं आणि परत बसवलंच नाही. ओलं गवत त्यात अडकायचं, त्याचा मला वैताग होता. चार बोल्ट, पाच मिनिटांचं काम.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ सोनं द्यायला आला. माझा गुडघा धरला होता. "आणा इकडं, मी कापतो," म्हणत त्यानं मशीन उचललं आणि थांबला.

"अण्णा, गार्ड कुठंय ह्याचं?"

"त्याच्याशिवाय झकास चालतं."

"खडा उडंल की."

"ऊस तोडणारा गडी तू, गवताला भितूस व्हय?"

त्यानं दोरी ओढली. खडे कुणी वेचले नव्हते. बायको चहा घेऊन ओट्यावर येताना मला दिसली. मी तिला आत हो म्हणालो नाही. मला चहा हवा होता.

सोलापूरच्या दवाखान्यात तिच्या भावानं विचारलं, "गार्ड कुणी काढलं?"

"मी बसवून दिलं होतं. यानं काढलं, लवकर उरकावं म्हणून."

माझा भाऊ माझ्याकडं वळला. "अण्णा, असं न्हाय की..." एवढंच म्हणाला, तोवर त्याची कॉलर धरली गेली होती. मेकॅनिकच्या शब्दापुढं त्याचं कोण ऐकणार? घरी येऊन मी गार्ड गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं दडवलं.

गेल्या महिन्यात तो मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन फाटकाशी आला. बायको ओट्यावरूनच म्हणाली, "उरलेला डोळा न्यायला आलाव का, भावजी?"

"वहिनी, पत्रिका तेवढी घ्या. पोरगी वाट बघती तुमची."

"ठेवा तिथंच. कुत्रं नेईल."

साठीचा माणूस पत्रिका जमिनीवर ठेवायला वाकला. मला ते बघवलं नाही असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. सात वर्षं मी बघतच होतो. पण वाकताना त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, नुसती किळस होती. मी गच्चीवर गेलो आणि गार्ड घेऊन खाली आलो. चारही बोल्ट त्याला सुतळीनं बांधलेले होते.

"हे मी काढलं होतं. हा मला विचारत होता, गार्ड कुठंय म्हणून. मी हिणवलं त्याला."

बायकोनं गार्ड हातात घेतलं, बोल्ट चाचपले. मग फाटकाशी जाऊन पत्रिका उचलली. "आत या, भावजी. चहा घ्या."

"ह्या घरात न्हाय, वहिनी. लग्नाला या. ह्यांना आणू नका."

"न्हाय आणत."

आज लग्न आहे. ती सकाळीच एकटी गेली. जाताना गार्ड माझ्यापुढं आदळलं. "हे बसवा. आणि दवाखान्यात काय बोललाव, ते लिहून ठेवा. माझ्या माहेरच्यांना वाचून दाखवणार हाय मी."

लिहून झालं. गार्ड त्याआधीच बसवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.