देवाची मूठ

ज्वारीच्या ताज्या पिठाचा वास आला की नळदुर्गचं आमचं पत्र्याचं घर आठवतं. भाकरी थापण्याआधी आई एक मूठ पीठ देवाच्या डब्यात टाकायची. रविवारी ते चर्चमध्ये जायचं आणि तिथून एखाद्या अडलेल्या घरी. वडील राबायचे तो हायवेवरचा धाबा दुष्काळात बंद पडला, तेव्हा चर्चचे पाळकसाहेब पिठाची पिशवी घेऊन आमच्याच दारात उभे राहिले. "आमाला नगं साहेब, गरिबाच्या घरी द्या," आई म्हणाली. ते खाली बघत म्हणाले, "बाई, औंदा ते घर तुमचंच हाय." आईनं पदर पसरला. मग चुलीपुढं बसून, रडत रडत, तिनं त्याच पिठातली पहिली मूठ देवाच्या डब्यात टाकली. आज माझा पिठाचा डबा भरलेला असतो. दुसरा डबा आई गेल्यावर कुणी ठेवलाच नाही.