हिंजवडीची तिप्पट किलबिल

कोथरूडहून लोक हिंजवडीला पगारासाठी जातात. मी हॉर्न आणायला निघालो होतो. आमच्या सोसायटीमागची झाडं पाडून पार्किंग करायचा ठराव त्याच संध्याकाळी सभेपुढे येणार होता. ती झाडं माझ्या खिडकीसमोरची. ती गेली तर माझ्या सगळ्या सकाळी गेल्या. मागच्या सभेत मी त्यांच्याबद्दल गहिवरून बोललो, तेव्हा सेक्रेटरी देवधरबाई म्हणाल्या, "मास्तर, गहिवर इतिवृत्तात लिहिता येत नाही. आकडा आणा."

मी निवृत्त गणितशिक्षक. आकडा म्हटल्यावर मला कुठला दम निघतोय. माझी पुतणी मीनल पक्ष्यांच्या आवाजावर संशोधन करते. ध्वनिमुद्रण दिलं की त्या जागी किती तऱ्हेतऱ्हेचे आवाज आहेत याचा निर्देशांक सांगणारा प्रोग्रॅम तिनं माझ्या लॅपटॉपवर घालून दिला. झाडांचा आवाज मी आधीच फोनवर घेतला होता. तुलनेला निर्जीव गोंगाट हवा, म्हणून मीनलचं ध्वनिमुद्रणाचं भारी यंत्र घेऊन बसमध्ये चढलो.

हिंजवडीच्या चौकात यंत्र उंच धरून उभा राहिलो. शेजारच्या वडापावच्या गाडीवरच्या बाईंनी विचारलं, "काय करताय?"

"हॉर्न रेकॉर्ड करतोय."

"का, तुमच्याकडं वाजत न्हाईत व्हय?"

मी वडापाव घेतला. मिरचीनं ठसका लागला, तोही रेकॉर्ड झाला.

परतीच्या बसमध्ये सगळे लॅपटॉप उघडून बसलेले, म्हणून मीही ऐटीत उघडला. दोन आकडे आले, एक दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट. मोठा तो झाडांचाच, या खात्रीनं फाइलींची नावं न बघताच पडद्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, वर 'पुरावा' असं लिहून. चांदणी चौक यायच्या आत देवधरबाईंचं उत्तर आलं: "अभिनंदन. हिंजवडीत आपल्या तिप्पट किलबिल आहे. झाडं पाडून गाड्या आणल्या तर आपल्याकडेही पक्षी येतील."

मीनलला फोन लावला.

"काका, सॅम्पलिंग रेट किती होते?"

फाइलींची माहिती उघडून वाचली. फोननं सेकंदाला सोळा हजार वेळा आवाज टिपला होता, यंत्रानं अठ्ठेचाळीस हजार वेळा.

"मग फोनला वरच्या पट्टीतले आवाज मिळालेच नाहीत. हा निर्देशांक सगळ्या पट्ट्यांची बेरीज करतो. झाडांचा पेपर शंभराचा, चौकाचा तीनशेचा, आणि तुम्ही नुसते मार्क वाचलेत."

हे मला, ज्यानं जन्मभर टक्केवारी शिकवली.

घरी येऊन चौकाचं ध्वनिमुद्रण फोनच्या रेटवर उतरवलं. आता झाडं पुढे होती. सभेत नवा आकडा दाखवला, पण कुणी मान डोलावेना.

"दुपारी हिंजवडी पुढे, संध्याकाळी झाडं," देवधरबाई म्हणाल्या. "असल्या आकड्यांवर मी सही करणार नाही. मास्तरांनी एकाच यंत्रानं, एकाच रेटवर दोन्हीकडे परत मोजावं. तोवर ठराव तहकूब, झाडांना हात लावायचा नाही."

सगळे हसले. माझी लाज गेली आणि झाडं राहिली. सौदा मला फार स्वस्त वाटला.

मीनल म्हणते, दोन सकाळींचं काम आहे. मी तिला सांगतो की थंडीतले आवाज वेगळे, उन्हाळ्यातले वेगळे, शास्त्रात घाई बरी नव्हे. मग सकाळी चहा घेऊन खिडकीत बसतो, यंत्र शेजारी ठेवतो आणि बटण दाबत नाही.