बिननावाचा साहेब

पलटणीत नवा लेफ्टनंट आला की पहिले काही दिवस त्याला सगळे 'करकरीत' म्हणत. पाठीमागे, अर्थातच. तोंडावर कडक सॅल्यूट, टाचेला टाच, 'जी साहेब'. आणि साहेब कोपऱ्यावरून वळले की 'करकरीत गेला का रे?' नव्या कापडाला असते तशी खळ त्या पोरांच्या अंगात असायची. बूट लखलखीत, आवाज मुद्दाम जाड केलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव की युद्ध आजच सुरू झालं तर माझ्यावाचून अडून राहायला नको. पुढे खळ उतरायची, आतला माणूस दिसू लागायचा, आणि मग त्याला स्वतःचं असं नाव मिळायचं. हे नाव देण्याचं खातं मामांकडे होतं.

मामा म्हणजे त्या कंपनीचे हवालदार. सख्खे मामा ते कुणाचेच नव्हते, पण अख्खी कंपनी त्यांना मामाच म्हणे. बोलायला बेताचे, बघायला मात्र बिलंदर. एक लेफ्टनंट चहात बिस्किट बुडवायचा आणि ते हटकून आत तुटून पडायचं. त्याचं नाव 'पाणबुडी'. एकाचं प्रत्येक वाक्य 'वस्तुतः'ने सुरू व्हायचं. तो 'वस्तुतः' झाला. एकाने सरावाच्या दिवशी नकाशा उलटा धरून सगळ्यांना दलदलीत नेलं. पोरांना वाटलं, आता याचं नाव 'नकाशा'. मामांनी 'बदक' ठेवलं, कारण चिखलात तो सगळ्यांच्या पुढे शिरला होता आणि बाहेर मात्र सगळ्यांच्या शेवटी आला.

मामींना हे पटत नसे. रात्री जेवताना मामा नवं नाव सांगत, मामी आधी पोटभर हसत आणि मग म्हणत, "अहो, त्याच्या आईने ठेवलंय ना नाव? तुम्ही कोण टिकोजीराव? हा अपमानच झाला त्या लेकराचा."

"सॅल्यूट असतो तो खांद्यावरच्या फितीला," मामा घास थांबवून सांगत. "नाव असतं ते माणसाला. माणूस मनात भरल्याशिवाय नाव सुचत नाही."

"सुचलं नाही तर?"

"असं होत नाही."

समोर त्यांचा एकुलता एक मुलगा जेवत असायचा. जेवायला त्याला फार वेळ लागे, म्हणून मामांनी लाडाने त्याला 'गोगलगाय' म्हणायला सुरुवात केली होती. घरात होतं तोवर ठीक. पण नाव वसाहतीत गेलं, वसाहतीतून शाळेत गेलं, आणि 'गोगलगाय नि पोटात पाय' असं म्हणत पोरं त्याच्या मागे मागे घरापर्यंत येऊ लागली. तो रडला नाही, तक्रारही केली नाही. मुकाट्याने भराभर जेवायला शिकला. मामांना वाटलं, पोरगा सुधारला. सगळ्या जगाचं बारीकसारीक टिपणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढे मामी गेल्या, मामा निवृत्त झाले आणि चिरंजीव लेफ्टनंट झाले, सगळं दीड-दोन वर्षांत. हवालदाराच्या पोटी साहेब! दीक्षान्त संचलनानंतर मामांनी मुलाला सॅल्यूट ठोकला. तो ओशाळला. परतताना बसमध्ये त्याने विचारलं, "बाबा, तिथे मला काय म्हणतील?"

"ते आधी कसं सांगणार? तू कसा आहेस ते बघतील, मग ठरवतील."

मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. आणि पलटणीत रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी, तुकडी समोर उभी करून, त्याने हुकूम सोडला: माझ्या हाताखाली कुणी कुणाला टोपणनाव लावणार नाही. शिपायाला नाही, साहेबाला नाही, तोंडावर नाही, पाठीमागे नाही. हे त्याने मामांना फोनवर सांगितलं, अगदी समाधानाने.

"बरं केलंस," मामा म्हणाले. मनात मात्र म्हणाले, हवालदाराच्या पोरानेच ही चूक करावी! दुसऱ्या कुणा साहेबाला हे सुचलंच नसतं, कारण त्यांना त्या नावांचा पत्ताच नसतो. नाव बंद करता येतं, हे फक्त नाव ठेवणाऱ्याच्या घरात वाढलेल्यालाच कळणार.

मामा आता एका शीतगृहाच्या फाटकावर बसत. येणारे ट्रकवाले त्यांना 'ओ फाटक' अशी हाक मारत आणि ते उठून साखळी काढत. घरी आलं की एकच ताट, एकच वाटी. रविवारी मुलाचा फोन येई. "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवलो." आणखी काही बोलावं म्हणून दोघेही थांबत, आणि मग दोघेही एकदमच 'ठेवतो' म्हणत. एका रविवारी मामांनी सहज विचारलं, "संध्याकाळी कुणाबरोबर बसतोस?" त्यावर मुलगा म्हणाला, "वाचतो." मामांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

मुलाच्या छावणीत ते पोचले तेव्हा साहेब गोळीबाराच्या मैदानावर होते. बसायला ऑफिसात खुर्ची दिली, पण मामांचे पाय सवयीने मागच्या अंगाला, भटारखान्याकडे वळले. आचारी कांदे चिरत होता, मुलाच्याच तुकडीतले दोन शिपाई बटाटे सोलत होते. मामांनी न विचारता एक सुरी उचलली. "मीही हवालदार होतो. एकाला भेटायला आलोय, तो येईपर्यंत बसतो," एवढंच सांगितलं. बटाटे सोलायची ती पद्धत बघून कुणी जास्त विचारलं नाही.

मग हळूच त्यांनी विषय काढला. "आमच्याकडे एक लेफ्टनंट होता, 'पाणबुडी'." झालं. आचाऱ्याला हसू आवरेना. त्यांच्या कॅप्टनला म्हणे 'भिंतीवरचं घड्याळ' म्हणतात, कारण सगळ्यांचं चुकतं आणि त्यांचं कधीच नाही. शेजारच्या तुकडीचा लेफ्टनंट 'पावशेर', पण पळायला लागला की कुणाच्या बापाला आवरत नाही. हुकूम विसरून सांगताना पोरांचे डोळे चमकत होते. मामांना ते कौतुक नीट ओळखू येत होतं.

"आणि तुमच्या तुकडीचे साहेब?" त्यांनी बटाट्यावरची नजर न काढता विचारलं.

हसणं थांबलं. शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं.

"साहेब चांगले आहेत," आचारी म्हणाला. "नियमात असतात."

मामांच्या हातातली सुरी थांबली. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. उभ्या नोकरीत त्यांनी ते एकाच साहेबाबद्दल वापरलं होतं. त्याचं नाव काय, तो दिसायचा कसा, बदली होऊन कुठे गेला, काही म्हणता काही त्यांना आठवेना. तेवढ्यात दारातून आवाज आला, "बाबा, तुम्ही इथे?" आणि शिपाई, आचारी, सगळे ताडकन उभे राहिले. मामाही उभे राहिले, सवयीनेच. आचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. बापलेक मैदान ओलांडून निघाले. मुलगा आखलेल्या वाटेनेच चालत होता. आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी कोपरा आला की थांबून, टाच फिरवून, नव्वद अंशात वळत होता. मामांना तो तसा वळताना बघून हसू आलं.

खोली टापटीप होती. चादरीवर सुरकुती नाही. दोन कप होते, त्यातल्या एकाच्या बुडाला दुकानातली किमतीची चिठ्ठी अजून तशीच. मुलाने त्यातच वडिलांना चहा दिला. अंधार पडायला अजून अवकाश होता. बाहेर शिपाई बास्केटबॉल खेळत होते, कुणीतरी कुणाला चिडवत होतं, आणि 'पावशेर' म्हणतात तो लेफ्टनंट त्यांच्यातच घामाघूम होऊन ओरडत होता.

"तुम्ही विचारलंत ना त्यांना?" मुलगा म्हणाला. "मी ओळखतो तुम्हाला."

"विचारलं."

"मग? मला काही म्हणतात?"

खोटं बोलणं सोपं होतं. एक चांगलं नाव मैदान ओलांडतानाच मामांच्या ओठांवर आलं होतं. पण साहेबाला ते कधीच कुणाच्या तोंडून ऐकू आलं नसतं, आणि पोराने कान लावून बसावं आणि काहीच ऐकू येऊ नये, याच्याइतकं वाईट दुसरं काय?

"नाही," ते म्हणाले. "काही म्हणत नाहीत."

मुलाने मान हलवली. खिडकीची कडी उगाचच पुन्हा लावली. "मीच मनाई केली होती," तो म्हणाला. "पण वाटलं होतं, कुणीतरी मोडेल."

ती मनाई कुठून आली, हे मामांना आता कुठे कळलं. त्या गोगलगायीबद्दल क्षमा मागावी असं फार वाटलं, पण तो विषय काढणंसुद्धा पुन्हा हाक मारल्यासारखंच झालं असतं. दोघांनी चहा संपवला. मुलाने दोन्ही कप धुऊन पालथे ठेवले.

पाहुण्याला एकच मुक्काम, असा छावणीचा नियम होता आणि साहेब नियमात असत. सकाळी मुलगा कवायतीला निघून गेला. मामा पिशवी घेऊन एकटेच फाटकाशी आले. पहाऱ्यावर कालच्याच बटाटेवाल्यांपैकी एक शिपाई होता. मामांनी पास पुढे केला.

"कुणाकडे आला होतात, ते सांगावं लागतं," शिपाई संकोचाने म्हणाला. त्याला सगळं ठाऊक होतं, पण नियम.

कालचं ते नाव पुन्हा मामांच्या ओठांवर आलं. ते उच्चारणं म्हणजे साहेबाचा हुकूम मोडणं होतं. आयुष्यात त्यांनी कुठल्याही साहेबाचा हुकूम मोडला नव्हता. शिवाय हा साहेब एकदा बापाच्याच नावाने भाजलेला. यानेही चटका बसला तर पुन्हा फोनसुद्धा येणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी हात पिशवीच्या बंदात गुंतवला.

"काटकोनाकडे," ते म्हणाले.

शिपाई गोंधळला. "कुणाकडे?"

मामांनी पिशवी उचलली, दोन पावलं सरळ गेले, थांबले, टाच फिरवली आणि कडक नव्वद अंशात वळून रस्त्याला लागले.

 मागे पोटातून दाबलेलं हसू फुटलं, आणि शिपाई पहाऱ्यावरच्या जोडीदाराला हलक्या आवाजात सांगू लागला, "अरे, अगदी तसंच! मोकळ्या मैदानातसुद्धा तसेच वळतात. मी रोज बघतो."

रोज बघतो. मामांना मागे वळून बघायचं होतं, पण डोळे भरून आले होते, म्हणून ते बसथांब्यापर्यंत तसेच चालत गेले.