चौथं ताट

स्टोरीआजीला शांत बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं मला येऊन सांगावं. अमेरिकेत, आयसेलिनला आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहणारी ही सत्तरीची युक्रेनियन बाई गोष्टसुद्धा चालता चालता सांगायची. मी लॅबमधून घरी येईपर्यंत माझी दोन्ही पोरं ती सांभाळायची. किचन ते बाल्कनी, बाल्कनी ते किचन, पुढे आजी आणि मागे पोरं. गोष्टीत लांडगा आला की झपझप पावलं, जंगल आलं की चवड्यांवर. स्टोरीआजी हे नाव पोरांचंच.

गोष्टी तरी कसल्या! तिच्या जंगलात राहणाऱ्या पोरी समोरून देखण्या, पण मागून पाहावं तर पाठच नाही, आतडी-काळीज सगळं उघडं. झालं! मंडळाच्या गणपतीत माझी सहा वर्षांची लेक एकेका काकूच्या मागे जाऊन पाठ तपासत फिरली. एका काकूंना वाटलं, साडीला काहीतरी लागलंय. त्या बिचाऱ्या आरतीभर पदर सावरत राहिल्या. मी आजीला जाब विचारला तर म्हणते कशी, "मग? सगळ्यांना होती ना पाठ? आता काळजी मिटली." मी कपाळावर हात मारून घेतला.

माझ्या शेगडीमागे ती पावाचा तुकडा ठेवायची, घर राखणाऱ्या कुणा अदृश्य म्हाताऱ्यासाठी. झुरळं होतील म्हणून मी तो काढून टाकायची, की दुसऱ्या दिवशी नवा तुकडा हजर. "तुझ्या घरात तो उपाशी असतो," ती मला ऐकवायची, "म्हणून तू सारखी चिडतेस." चिडते मी, नाही कशाला म्हणू? पण त्याला कारणं दुसरी होती.

मग शहाऐंशीच्या एप्रिलअखेरीस टीव्हीवर चेर्नोबिलची बातमी आली. आजीची धाकटी बहीण तिथून जवळच्याच खेड्यात होती. चाळीसेक वर्षांत दोघींची भेट नव्हती. वर्षाला दोन पत्रं यायची, तीही कुणीतरी आधीच फोडून वाचलेली. आता तीही बंद झाली. आजी पत्रांमागून पत्रं लिहायची, पाकिटांवर पत्ता मी टाइप करून द्यायची, आणि इकडे उत्तर म्हणून नाही. तिचा जीव टांगणीला लागलेला. लांडगा झोपडीच्या दाराशी सोडून ही आपली मेलबॉक्सकडे! "आई, शी नेव्हर फिनिशेस एनिथिंग," लेक कुरकुरायची. मी तिच्यावरच खेकसायची, कारण खाली जाताना मीसुद्धा आधी आजीचीच पेटी बघायला लागले होते.

जानेवारीत त्यांचा नाताळ. आदल्या संध्याकाळी तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. "मांस नाही, दूध नाही, तुला सगळं चालेल." गव्हाची खीर होती, खसखस आणि मध घातलेली. त्या संध्याकाळी गेलेली माणसं जेवायला येतात म्हणे. म्हणून बसण्याआधी खुर्चीवर फुंकर मारायची, आधीच कुणी बसलेलं असेल तर चेंगरायला नको. तिनं आईचं, वडिलांचं, नवऱ्याचं अशी तीन ताटं मांडली. चौथं हातात घेऊन ती टेबलाभोवती फिरत राहिली. मांडायची आणि लगेच उचलायची.

"जिवंत असली तर ताट मांडून मीच तिला मारते," ती म्हणाली. "मेली असली तर माझ्या घरातून उपाशी जाईल. तुमच्यात काय करतात गं?"

"ज्यांची तिथी माहीत नसते, त्यांचं पान आम्ही सर्वपित्री अमावास्येला वाढतो," मी म्हटलं.

"आणि गेली की नाही हेच माहीत नसेल तर?"

तिनं ते ताट कपाटात ठेवलं, पण त्या संध्याकाळी ती स्वतःही जेवली नाही.

मार्चमध्ये एकदा ती माझं दार बडवत आली. पत्र होतं! बहीण ठणठणीत, फक्त दुसऱ्या गावी हलवलेली. पण आजीचं एकही पत्र तिला मिळालेलं नव्हतं, आणि हे पत्रही आजीला नव्हतंच. "घरात जे कुणी असेल त्यांना," अशी सुरुवात होती. आजीनं मला एकेक ओळ इंग्रजीत सांगितली. "माझ्या बहिणीला कुठे पुरलं तेवढं कळवा. नाताळला मी तिचं ताट मांडलं."

आजी हसत सुटली आणि हसता हसता रडायला लागली. "काय वाढलं असेल गं तिनं मला? लहानपणी माझ्या ताटातलंसुद्धा ओरबाडून खायची!" मग एकदम ताठ झाली. "चल, गाडी काढ." तार ऑफिसच्या काऊंटरवर तिनं मजकूर लिहिला: जिवंत आहे. ताट उचल.

त्यानंतर नव्या पत्त्यावर पत्रं पोचायला लागली, पाकिटं टाइप करणारी मीच. तिसऱ्या वर्षी आजी हार्ट अटॅकनं गेली. ओहायोहून मुलगा आला, फ्युनरल केलं, घर रिकामं केलं. मी विचारलं, "तुझ्या मावशीला कळवलंस?" तर म्हणाला, "इज शी स्टिल अलाइव्ह?" असा राग आला मला! पण त्याला ना ती भाषा लिहिता येत होती, ना त्याच्याकडे पत्ता होता.

पत्ता मला पाठ होता. आजीच्या चर्चमधल्या पाद्र्याकडून मी त्यांच्या भाषेत दोन शब्द कागदावर लिहून घेतले आणि एकटीच तार ऑफिसला गेले. एकेक अक्षर तपासून त्या फॉर्मवर उतरवलं: ताट मांड.